मातीची भूक आणि गोणीवरचे आकडे

(श्रीभैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात ग्रामस्थांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीभैरवनाथाच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या हातभाराने आज देवळावर कळस चढला. कोणी रोख रक्कम दिली, कोणी ट्रॅक्टर दिला, कोणी आठ-आठ दिवस अंगमेहनत केली. या कार्याचे वर्णन माझ्याआधी मान्यवरांनी केलेच आहे. ते पुन्हा करून मी आपला वेळ घेत नाही.

समितीने मला चार शब्द बोलण्यास सांगितले तेव्हा मी संकोचलो. कीर्तन-प्रवचनाचा माझा अधिकार नाही. शिक्षण एस. एस. सी. तालुक्याच्या कचेरीत मी लिपिक आहे. आवक-जावक, नोंदी आणि बेरजा एवढेच माझे जग. परंतु गावात आमची वडिलोपार्जित जमीन आहे, आणि गेली काही वर्षे खतांविषयी मिळेल ते वाचण्याचा व जाणकारांना विचारण्याचा नाद मला लागला आहे. तो का लागला तेही सांगणार आहे. अध्यक्षमहाराज म्हणाले, "मग तेच सांगा. देऊळ झाले, आता शेताचे बोला." त्यांच्या आज्ञेवरून उभा आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

सुरुवात देवळापासूनच करतो. गाभाऱ्याच्या उत्तरेकडील भिंतीला कमरेइतका लोणा लागला होता, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. यापूर्वी दोनदा तिथे सिमेंटचा गिलावा केला आणि दोन्ही वेळा तो पापुद्रे सुटून पडला. या खेपेस गवंडी म्हणाले, "आधी पाणी कुठून येते ते बघू, मग गिलाव्याचे बोलू." खणून पाहिले तर गोमुखाची मोरी आतून फुटलेली. अभिषेकाचे पाणी वर्षानुवर्षे पायात मुरत होते. ते पाणी भिंतीतून वर चढे, सोबत मातीतले क्षार नेई, वाऱ्याने पाणी उडून जाई आणि क्षार मागे राहून गिलावा फोडीत. मोरी दुरुस्त झाली, भिंत वाळू दिली, मग चुन्याचा गिलावा केला. आता भिंत कोरडी आहे.

मंडळी, दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असे आपण भिंतीचे दोनदा केले. शेताचे मात्र दरवर्षी करतो. मी स्वतः केले आहे. ती हकीकत लाज न बाळगता सांगतो, कारण माझा धाकटा भाऊ समोर बसला आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही खालच्या दीड एकरात उन्हाळी भुईमूग केला. जमीन चुनखडीची. महिन्याभरात पीक पिवळे पडू लागले. भावाने मला कचेरीत फोन केला, "दादा, भुईमूग पिवळा पडलाय. काय करू?" मी शेत न बघता खुर्चीतूनच सांगितले, "नत्र कमी पडले असेल. युरिया टाक." त्याने एक गोणी टाकली. पिवळेपणा गेला नाही. मी म्हणालो, "आणखी एक टाक." तीही टाकली. शेंड्याची पाने पिवळ्याची पांढुरकी झाली. काढणीला वेल उपटले तर पाला होता, शेंगा नव्हत्या. सोसायटीचे कर्ज अंगावर राहिले. त्या पिकाच्या पैशावर पुतणीचे बारावीनंतरचे शिक्षण धरले होते. ती एक वर्ष घरी बसली. भाऊ मला एका शब्दाने बोलला नाही, पण पुढच्या हंगामात काय पेरायचे हेही त्याने मला विचारले नाही. थोरल्या भावाला याहून मोठी शिक्षा नसते.

नंतर कृषी खात्यातील एका जाणत्या गृहस्थांनी उरलेले वेल पाहिले आणि लगेच सांगितले, "शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या. हे नत्राचे दुखणे नव्हे, लोहाचे आहे." मातीची तपासणी केली. सामू ८.४ निघाला आणि चुनखड भरपूर. अशा जमिनीत लोह असते, पण चुनखडीमुळे ते मुळाला घेता येत नाही. दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम हिराकस आणि थोडे लिंबाचे सत्त्व घालून वेळेवर फवारले असते तर पीक सावरले असते. थोड्या पैशांच्या हिराकशीचे काम मी दोन गोणी युरियाकडून करून घ्यायला निघालो होतो. तेव्हापासून मी वाचू लागलो. जे समजले ते आता आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न असा, की झाड खाते काय? आपण म्हणतो, झाड माती खाते. पण गाडीभर तुराट्या जाळल्या तर राख उरते घमेलेभर. बाकीचे गेले कुठे? जिथून आले तिथे, म्हणजे हवेत. वाळलेल्या झाडाच्या शंभर किलो वजनात सुमारे पंच्याण्णव किलो कर्ब, प्राणवायू आणि हायड्रोजन असतात. ही तिन्ही झाड हवेतून आणि पाण्यातून घेते आणि सूर्याच्या उजेडात त्यांचे अन्न करते. जमिनीतून येतो तो उरलेला पाच किलोंचा भाग. परंतु जेवणातल्या मिठासारखे आहे ते. थोडेच लागते, पण त्याच्यावाचून ताट वाया जाते.

झाडाला एकूण सतरा मूलद्रव्ये लागतात असे शास्त्र सांगते. हवा-पाण्याची तीन सोडली तर चौदा राहिली. नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन मुख्य. कॅल्शियम म्हणजे चुन्यातले द्रव्य, मॅग्नेशियम आणि गंधक ही तीन दुय्यम. आणि लोह, जस्त, मंगल, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल ही आठ सूक्ष्म, म्हणजे चिमूटभर लागणारी. चिमूटभर लागतात म्हणून त्यांचा मान कमी नाही. माझा दीड एकर त्यातल्या एकानेच बुडवला.

आता एकेकाची ओळख करून घेऊ. नत्राचे नवल असे, की ते आपल्या डोक्यावर आहे. हवेच्या शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग नत्र. हिशोब केला तर एका एकरावरच्या हवेत सुमारे तीस हजार टन नत्र भरते. तरीही त्याच एकरातली ज्वारी नत्रावाचून पिवळी पडते. कारण हवेतील नत्राचे अणू जोडीने असतात आणि त्यांनी एकमेकांना तीन बंधांनी घट्ट धरलेले असते. ती मिठी सोडवण्याची ताकद पिकात नाही. ती आहे काही सूक्ष्म जीवाणूंत. तूर, हरभरा, भुईमूग उपटून पाहा. मुळांवर गाठी दिसतील. गाठ फोडली आणि आत लालसर निघाली तर समजावे की आतले रायझोबियम जीवाणू कामावर आहेत. झाड त्यांना साखर देते, ते झाडाला नत्र देतात. म्हातारी माणसे बेवड बघून पीक घेत आणि ज्वारीआधी कडधान्य घेत, त्यामागे हेच शास्त्र होते. आणि ऐका, जमिनीत आयता नत्र भरपूर पडला की हे जीवाणू काम सोडतात. म्हणजे मी भुईमुगाला युरिया टाकून आमचे घरचे फुकटचे गडीही बसवून ठेवले.

माणसाने ही मिठी सोडवली ती विसाव्या शतकात. जर्मनीच्या फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतील नत्र आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. चारशे-पाचशे अंश उष्णता आणि हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाब एवढा खटाटोप त्याला लागतो. पहिल्या महायुद्धात याच अमोनियापासून स्फोटके झाली आणि याच अमोनियापासून खतही झाले. आज जगातील जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या युक्तीवर उभे आहे, असे शास्त्रज्ञांचे गणित आहे. आपल्या देशात सिंद्रीचा सरकारी खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला. आपल्या मुलखात ट्रॉम्बे आणि थळ येथे असे कारखाने आहेत.

अमोनिया आणि कर्बवायू यांपासून युरिया होतो. युरिया हे नाव मूत्रावरून आले आहे. जनावराच्या मूत्रात युरिया असतो. १८२८ मध्ये फ्रेडरिक व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने जनावरावाचून प्रयोगशाळेत तो तयार केला, तेव्हा लोक चकित झाले. गोठ्यातल्या मूत्रातला युरिया आणि गोणीतला युरिया यांत तिळाचाही फरक नाही, अणूला अणू सारखा आहे. सकाळी गोठ्याचे दार उघडले की नाकाला झोंबणारा वास येतो ना? तो युरिया फुटून झालेल्या अमोनियाचा. तसेच शेतात होते. युरिया वरच्यावर फेकला आणि मातीआड केला नाही, की तो फुटतो आणि त्यातला बराच नत्र तसाच वास होऊन उडून जातो. पैसे आपले, नत्र वाऱ्याचा. म्हणून वाफसा असताना द्यावा, मातीआड करावा, आणि एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्यावा. २०१५ पासून देशातला सगळा युरिया कडुनिंबाचे तेल लावून येतो. त्याने नत्राचे रूपांतर जरा सावकाश होते, पण उघड्यावर फेकलेले खत वाचवण्याची हमी तो देत नाही.

मातीआड गेलेल्या अमोनियाचे जीवाणू नायट्रेट करतात. आता इथे एक बारकावा आहे. काळ्या मातीच्या कणांवर ऋण विजेचा भार असतो. अमोनियम, पालाश, चुना यांच्यावर धन भार, म्हणून लोहचुंबकाला खिळे चिकटावेत तसे ते मातीला धरून राहतात. नायट्रेटवर मात्र ऋण भार. त्याला माती धरीत नाही. जास्तीचे पाणी दिले की ते पाण्याबरोबर खाली जाते आणि एक दिवस आपल्याच विहिरीत येते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे असे आपल्या देशाचे मानक आहे. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला असले पाणी विशेष घातक. तेव्हा माता-भगिनींनो, युरियाची जास्तीची गोणी हा फक्त पुरुषमंडळींच्या खर्चाचा प्रश्न नाही.

दुसरे द्रव्य स्फुरद. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड नावाच्या गृहस्थाने सोने मिळेल या आशेने मूत्र आटवले आणि त्याला अंधारात चमकणारा पदार्थ सापडला. तो हा स्फुरद. मुळांची वाढ, फुलोरा, दाणा भरणे ही त्याची कामे. तो हवेत नाही, खडकात आहे. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोट्रा येथे त्याच्या खाणी आहेत, पण देशाला लागणारा बराचसा बाहेरूनच आणावा लागतो. स्फुरदाचा स्वभाव नत्राच्या उलट. नत्र पळतो, स्फुरद जागचा हलत नाही. आपल्या चुनखडीच्या मातीत चुना त्याला धरून बसतो. म्हणून तो वरून फेकू नये. पेरतानाच पाभरीने बियाण्याच्या खाली किंवा बाजूला पडेल असा द्यावा. बियाण्याला खत चिकटूही नये. खत हे शेवटी एक मीठच आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तसे खताला टेकलेल्या कोंबातले पाणी ओढले जाते आणि कोंब करपतो.

तिसरा पालाश, म्हणजे पोटॅश. पॉट म्हणजे भांडे, अ‍ॅश म्हणजे राख. पूर्वी परदेशात लाकडाची राख पाण्यात धुऊन, ते पाणी भांड्यात आटवून हे द्रव्य काढीत, म्हणून हे नाव. आपल्या आयाबाया चुलीतली राख परसातल्या वेलांना टाकीत, तेव्हा त्या पालाशच देत होत्या. पानावरच्या बारीक छिद्रांची दारे उघडणे-मिटणे पालाशाच्या हाती असते, म्हणून पालाश असलेले पीक पाण्याचा ताण अधिक सोसते. तयार पोटॅश खतासाठी आपला देश जवळजवळ संपूर्ण परदेशावर अवलंबून आहे. आणि आपण उसाचे पाचट पेटवतो. पेटवले की त्यातला नत्र व गंधक धुरावाटे जातो, कर्ब जातो, आणि राखेतला पालाश तेवढा वाऱ्या-पावसाच्या हवाली होतो.

आता माझ्या धंद्याकडे, म्हणजे आकड्यांकडे येतो. गोणीवर जे आकडे असतात ते शंभर किलोत किती किलो अन्नद्रव्य आहे ते सांगतात. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा. युरियात नत्र ४६ टक्के. पूर्वी ५० किलोची असलेली गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, म्हणजे एका गोणीत २०.७ किलो नत्र. डीएपीवर १८:४६:० असते. ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद, पालाश शून्य. कित्येक जण म्हणतात, "यातही सेहेचाळीस, त्यातही सेहेचाळीस, मग स्वस्तातला नेऊ." अहो, तो सेहेचाळीस नत्राचा आणि हा सेहेचाळीस स्फुरदाचा. सातबारा दोघांचाही एक एकराचा, म्हणून गट एक होत नाही!

आणखी एक गोष्ट. स्फुरद आणि पालाश यांचे आकडे त्यांच्या प्राणवायूसह असलेल्या रूपात लिहिण्याची जुनी पद्धत आहे. डीएपीतल्या ४६ मध्ये निव्वळ स्फुरद सुमारे २०, आणि पोटॅशच्या ६० मध्ये निव्वळ पालाश सुमारे ५०. यात फसवणूक नाही. शिफारशीही त्याच पद्धतीने लिहिलेल्या असतात, म्हणून हिशोब जुळतो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्केच, म्हणून लोक त्याला हलके समजतात. पण त्यात गंधक ११ टक्के असतो आणि चुनाही असतो. तीन गोण्या सुपर फॉस्फेट म्हणजे २४ किलो स्फुरद आणि सोबत साडेसोळा किलो गंधक. भुईमुगासारख्या तेलबियांना गंधक हवाच असतो. डीएपीच्या गोणीत तो मोजण्यासारखा नसतो.

मग प्रश्न येतो, शेणखत चांगले की गोणीचे? मुंबईकर मंडळी मला म्हणतात, "तुम्ही लोकांनी सगळे विष केलेत. रसायन बंद करा." गावातले काही जण म्हणतात, "शेणखतात काय दम आहे?" दोघांनाही मी बेरीज दाखवतो. चांगल्या कुजलेल्या एक टन शेणखतात सुमारे ५ किलो नत्र असतो. म्हणजे युरियाच्या एका गोणीएवढा नत्र द्यायचा तर चार टन शेणखत हवे. उलट बाजूने पाहा. एक क्विंटल ज्वारीत सुमारे दहा किलो प्रथिन असते आणि प्रथिनाचा सुमारे सहावा हिस्सा नत्र असतो. म्हणजे बाजाराला गेलेल्या प्रत्येक क्विंटलबरोबर दीड किलोच्या वर नत्र गाव सोडून जातो. पूर्वी धान्य गावातच खाल्ले जाई आणि त्याचा अंश उकिरड्यावाटे रानात परत येई. आता धान्य जाते आणि गोठ्यातली जनावरेही कमी झाली. खतवहीत नुसता खर्च पडत गेला आणि जमा काहीच नाही, तर शिल्लक कुठून राहणार? म्हणून गोणी अजिबात नको म्हणणे आज तरी परवडणारे नाही.

परंतु शेणखत जे करते ते गोणी करीत नाही. मूळ शेण किंवा युरिया पाहून खात नाही. दोन्हींतला नत्र शेवटी अमोनियम किंवा नायट्रेट होऊनच मुळात शिरतो. तिथे दोघे सारखे. फरक मातीला पडतो. शेणखतात सेंद्रिय कर्ब असतो. तो मातीला भुसभुशीत ठेवतो, पाणी धरतो, सूक्ष्म द्रव्ये सांभाळतो आणि ज्या जीवाणूंची नावे मी घेतली त्यांना जेवू घालतो. तपासणीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आला तर जमीन या बाबतीत कमी समजतात. थोडक्यात, गोणी पिकाला जेवण वाढते आणि शेणखत स्वयंपाकघर सांभाळते. शेणखत मात्र पूर्ण कुजलेले हवे. कच्चे टाकले तर ते कुजवण्यासाठी जीवाणू पिकाच्या तोंडचा नत्र घेतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. जर्मनीचे युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० नंतर एक नियम जगापुढे रुजवला. त्यांच्या आधी कार्ल स्प्रेंगेल यांनी तो मांडला होता. तो मी आपल्या भाषेत सांगतो. आज महाप्रसादाला पुरणपोळी आहे. डाळ दोन पोती आहे, गूळ दोन पोती आहे आणि कणीक पाच शेर आहे. पोळ्या किती होतील? कणकेइतक्याच. आणखी एक पोते गूळ आणला तर एक तरी पोळी वाढेल काय? पिकाचेही तसेच आहे. जे द्रव्य सर्वांत कमी असेल त्याच्याच मापाने पीक येते. ते सोडून दुसरे कितीही ओता, व्यर्थ आहे. आपण मात्र गूळच ओतीत आहोत, कारण तो स्वस्त आहे. २०१० मध्ये स्फुरद-पालाशाच्या खतांचे अनुदान नव्या पद्धतीने ठरू लागले आणि युरिया त्यातून वगळला गेला. त्याची किंमत बांधलेली राहिली आणि बाकीच्या गोण्या महागल्या. त्यामुळे हात आपोआप युरियाकडे जातो. पण स्वस्त म्हणून जे द्यायचे ते पिकाला हवे आहे की नाही, हे पिकाला विचारायला नको काय?

पीक सांगते. त्याची खूण ध्यानात ठेवा. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात फिरती आहेत. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना देते. आईने स्वतः उपाशी राहून लेकराला घास द्यावा तसे. म्हणून यांचे दुखणे आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोह, गंधक, कॅल्शियम आणि बोरॉन यांना जुन्या पानांतून सहज हलता येत नाही, म्हणून यांचे दुखणे आधी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते. खालून पिवळे की वरून पिवळे, एवढे जरी मी त्या दिवशी भावाला विचारले असते तरी वाचलो असतो. अर्थात रोगानेही पाने पिवळी होतात आणि पाणी साचूनही होतात. म्हणून नुसत्या खुणेवर भरवसा न ठेवता माती तपासावी हे उत्तम.

ती तपासायची रीत सोपी आहे. पीक निघाल्यावर आणि खत टाकण्यापूर्वी नमुना घ्यावा. एका सारख्या जमिनीत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करावा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती घ्यावी. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा आणि पाटाकडेची जागा सोडावी. सगळी माती एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, असे करीत अर्धा किलो उरवावी. सावलीत वाळवून स्वच्छ पिशवीत भरावी. खताच्या रिकाम्या गोणीत मुळीच भरू नये, नाहीतर अहवाल गोणीचा येईल. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली तेव्हा पुष्कळांच्या घरी पत्रिका आल्या. त्या कुठे आहेत? आमची देवघराच्या फळीवर पंचांगाखाली होती. भुईमूग बुडाला त्या वर्षीही ती तिथेच होती, आणि तिच्यात लोह कमी असल्याचे छापलेले होते. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे कागद वाचणाऱ्या माणसाने घरचा कागद वाचला नव्हता.

आज या पवित्र ठिकाणी मला आपल्याकडून देणगी नको. तीन गोष्टी मागतो. पहिली, येत्या खरिपापूर्वी प्रत्येक घराने निदान एका गटाची माती तपासावी. अर्ज भरणे हे माझे रोजचेच काम. रविवारी सकाळी मी देवळाच्या ओसरीवर बसेन, ज्यांना भरून हवा त्यांनी यावे. आणि अहवाल आला की तोही घेऊन या, आपण मिळून वाचू. दुसरी, या वर्षी गावात पाचट पेटू नये. तिसरी समितीला विनंती, की देवळाचे निर्माल्य ओढ्यात न सोडता मागच्या आवारात खड्डा करून कुजवावे. देवाला वाहिलेले फूल रानात परत जावे, याहून मोठा प्रसाद कोणता?

देऊळ आपण पुढच्या पिढ्यांसाठी दुरुस्त केले. ज्या शेताच्या उत्पन्नातून ही वर्गणी निघाली तेही त्यांनाच द्यायचे आहे. माझ्या पुतणीचे एक वर्ष माझ्या अज्ञानापायी गेले. ती पुढे शिकते आहे, पण ते वर्ष मी तिला परत देऊ शकत नाही. तुमच्या कुणाच्या घरी तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

गवंड्यांचे वाक्य पुन्हा सांगतो : आधी पाणी कुठून येते ते बघू, मग गिलाव्याचे बोलू. तसेच आधी माती बघू, मग गोणीचे बोलू.

महाप्रसादाची वेळ झाली आहे.

बोला, भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!